टरबुजाला पाजलेला गूळ गेला कुठे? वर्धा नदीकाठच्या एका वावराचं प्रकरण

आर्वी तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठचं एक एकर ओलिताचं वावर. वर मध्यम काळी माती, दोन फुटांखाली भरड. विहिरीचं पाणी जड, साबणाला फेस न येऊ देणारं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ट्रेमधली टरबुजाची रोपं लावली. ६ फुटांवर बेड, दीड फुटांवर रोप, वर मल्चिंग पेपर, पेपरखाली १६ मिलिमीटरची इनलाइन नळी आणि तिच्यात दर ४० सेंटिमीटरवर ताशी ४ लिटरचा ड्रिपर. एकरात ४,८०० च्या आसपास झाडं. अर्ध्या-अर्ध्या एकराचे दोन व्हॉल्व्ह.

वेल पळायला लागले तेव्हा कृषी केंद्राच्या ओट्यावर सल्ला मिळाला, "गुळाचं पानी पाज भाऊ, टरबूज साखरेवानी निंघते." म्हणजे मुळी साखर पिते आणि ती फळात उतरते, असा समज. २० फेब्रुवारीपासून दर आठवड्याला १० किलो गूळ ड्रममध्ये विरघळवून व्हेंच्युरीतून, म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या जोडणीतून, सोडला. चार वेळा मिळून ४० किलो झाला. शेतकऱ्याने तो फक्त व्हॉल्व्ह १ ला दिला, व्हॉल्व्ह २ तसाच ठेवला, 'आधी अर्ध्यात पाहू' म्हणून. या एका निर्णयामुळे पुढचं निदान शक्य झालं. सगळ्या वावराला गूळ गेला असता तर तुलनेला काहीच उरलं नसतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात व्हॉल्व्ह १ मधले वेल दुपारी माना टाकू लागले. बुडाकडची जुनी पानं पिवळी पडली, शेंड्याची वाढ थांबली. काही फळांच्या फुलाकडच्या टोकाला काळपट, चामड्यासारखा चट्टा दिसू लागला. व्हॉल्व्ह २ हिरवागार होता.

पहिला संशय आणि त्याचा हिशेब

जाणत्या माणसाच्या मनात इथे पहिली शंका येते ती नत्र अडकल्याची. गूळ म्हणजे जिवाणूंचं आयतं ताट. साखर मिळाली की मातीतले जिवाणू काही तासांत वाढू लागतात. शरीर बांधायला त्यांना कार्बनसोबत नत्रही लागतं. गुळात नत्र नावापुरतं असतं, म्हणून ते मातीतलं अमोनियम आणि नायट्रेट उचलतात आणि पिकाच्या वाट्याचं नत्र काही आठवडे त्यांच्या शरीरात अडकून पडतं.

हे खरं आहे, पण किती? इथे आकडा मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये. १ किलो गुळात ८५ टक्के साखर धरली तर कार्बन साधारण ३६० ग्रॅम भरतो. त्यातला ४० टक्के, म्हणजे १४४ ग्रॅम, जिवाणू अंगी लावतात. बाकीचा कर्बवायू होऊन उडतो. जिवाणूच्या शरीरात ८ भाग कार्बनला १ भाग नत्र असतं. म्हणजे किलोभर गुळामागे १८ ग्रॅम नत्र, युरियात सांगायचं तर ४० ग्रॅमच्या आत, अडकतं.

४० किलो गुळाने ७२० ग्रॅम नत्र अडकलं. अर्ध्या एकरात २,४०० झाडं, म्हणजे झाडामागे ०.३ ग्रॅम. या वावरात ठिबकमधून अर्ध्या एकराला २० किलो नत्र द्यायचं नियोजन होतं, झाडामागे ८ ग्रॅमच्या वर. आठातून ०.३ ग्रॅम गेलं म्हणून वेल असा पिवळा पडत नाही.

दुसरा पुरावा वावरातच उभा होता. पिवळेपणा ओळीच्या सुरुवातीला जवळजवळ नव्हता. सबमेनपासून, म्हणजे ओळींतल्या नळ्यांना पाणी देणाऱ्या मोठ्या नळीपासून, जसजसं लांब जावं तसतसा तो वाढत होता आणि शेवटच्या १५ मीटरमध्ये सगळ्यात जास्त होता. गुळाचं पाणी मात्र ओळीच्या सुरुवातीलाच जास्त पडलेलं. गुळामुळे मातीतलं नत्र अडकलं असतं तर सुरुवातीची झाडं आधी पिवळी पडायला हवी होती. इथे चित्र नेमकं उलटं होतं.

मर रोगाची, म्हणजे बुरशीने वेल आतून सुकण्याची, शंकाही फेडून घेतली. तीन पिवळ्या वेलांचे बुंधे उभे चिरले, आतल्या नळ्या पांढऱ्या, तपकिरी रेघ कुठेच नाही. विषाणू असता तर तो ओळ बघून येत नाही, झाडं इथे-तिथे विखुरलेली दिसतात.

नळीच्या शेवटाला काय निघालं

मग ड्रिपरचं पाणी मोजलं. कुणीही मोजावं इतकं ते सोपं आहे. पेपरला वीतभर चीर द्यायची, ड्रिपरखाली माती खरवडून वाटी बसवायची आणि घड्याळ लावून ३ मिनिटं पाणी धरायचं. ताशी ४ लिटरचा ड्रिपर ३ मिनिटांत २०० मिलिलिटर देतो. एका ओळीत सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं मोजायचं, आणि किमान चार ओळी घ्यायच्या. व्हॉल्व्ह १ मध्ये सुरुवातीला १९० मिलिलिटर, मध्ये १२० आणि शेवटी ६० भरलं. व्हॉल्व्ह २ मध्ये तिन्ही ठिकाणी १८० च्या वर.

नळीच्या शेवटचं टोपण, म्हणजे एंड कॅप, काढली. आधी पाणी आलंच नाही. नळी हाताने पिळत आणली तेव्हा करंगळीच्या जाडीचा, तपकिरी, शेंबडासारखा चिकट दोर बाहेर आला आणि त्यामागून आंबूस वासाचं गढूळ पाणी. बोटांत धरून चोळल्यावर त्यात बारीक कचकच लागत होती, तो जड पाण्यातला चुना. जाळीचा फिल्टर उघडला तर तिथेही तोच लगदा.

गूळ सोडून झाल्यावर साधं पाणी चालवून नळ्या धुतल्या नव्हत्या. दोनदा तर गूळ जात असतानाच वीज गेली. साखरेचं पाणी काळ्या पेपरखाली, मार्चच्या उन्हात, नळीत दोन-तीन दिवस बसून राहिलं. साखरेवर जगणारे काही जिवाणू सुक्रोजपासून लांब साखळ्यांचा चिकट पदार्थ बनवतात. साखर कारखान्यात रस मुरला की पाइपांत हीच बुळबुळ धरते आणि तिथे ती रोजची डोकेदुखी आहे. या चिकट थरावर पाण्यातला चुना आणि गुळातली माती, काड्या बसल्या. ड्रिपरची वाट असते मिलिमीटरभर. शेवटच्या टोकाला पाण्याचा वेग सगळ्यात कमी, म्हणून गाळ तिथे आधी साचला.

शेवटच्या झाडांना पाणी तिसऱ्या हिश्श्याहून कमी मिळालं, आणि खत पाण्यातूनच जात असल्यामुळे खतही तेवढंच. जुन्या पानांचा पिवळेपणा नत्राच्याच कमतरतेचा होता, फक्त नत्र नळीतच अडलं होतं. फळाच्या टोकाचा काळा चट्टा कॅल्शियमचा. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबरच फळात जातं. पाणी तुटलं की टोकाला पोचत नाही, जमिनीत चुनखडी कितीही असो.

नळ्या मोकळ्या करताना

उभ्या पिकात हे काम घाई न करता करावं लागतं. व्हॉल्व्ह १ मध्ये ते असं केलं. आधी फिल्टरची जाळी काढून ब्रशने धुतली, मग सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून पाणी निवळेपर्यंत सोडलं. त्यानंतर नळ्यांच्या एंड कॅप एका वेळी चार-पाचच उघडल्या. सगळ्या एकदम उघडल्या की दाब पडतो आणि गाळ हलतच नाही.

बुळबुळीसाठी क्लोरीन. बाजारात मिळणारं १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट घेतलं. ब्लीचिंग पावडर टाळली, कारण तिच्यात कॅल्शियम असतं आणि जड पाण्यात ती आणखी साका करते. प्रमाण शेवटच्या ड्रिपरपाशी २० पीपीएम. व्हॉल्व्हचा मूळ प्रवाह ताशी ११,००० लिटर, चोंदल्यावर उरला होता साधारण ७,०००. हजार लिटरला २० ग्रॅम या मानाने तासाला १४० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे १.४ लिटर द्रावण. अर्धा तास सोडायचं म्हणून ७०० मिलिलिटर, ५० लिटर पाण्यात मिसळून व्हेंच्युरीतून. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याला क्लोरीनचा वास आल्यावर पंप बंद. रात्रभर ते पाणी नळीत राहू दिलं आणि सकाळी पुन्हा एंड कॅप उघडून धुतलं.

चुन्यासाठी आम्ल, पण ते दोन दिवसांनी आणि मधे साध्या पाण्याने नळ्या नीट धुऊन. क्लोरीन आणि आम्ल एका ड्रममध्ये, एका नळीत, एका दिवशी कधीच एकत्र येऊ देऊ नये. त्यातून निघणारा वायू माणसाला मारतो. आम्ल किती लागेल ते विहिरीच्या पाण्यावर ठरतं. बादलीत मोजून १० लिटर पाणी घ्यावं, हायड्रोक्लोरिक आम्ल मिलिलिटर-मिलिलिटरने टाकत पीएच कागद ४ च्या आसपास येईपर्यंत मोजावं आणि तो आकडा प्रवाहाच्या हिशेबाने वाढवावा. नेहमी पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

तरीही शेवटच्या टोकाचे काही इनलाइन ड्रिपर उघडले नाहीत. इनलाइन ड्रिपर नळीच्या आत वेल्ड केलेला असतो, तो सुईने टोचून साफ होत नाही, उलट फाटतो. अशा जागी नळीला पंचने भोक पाडून ४ लिटरचं बटण ड्रिपर बसवलं.

पाणी परत सुरू झाल्यावर शेतकऱ्याचा हात सैल सुटतो, आणि नुकसान तिथे दुप्पट होतं. तहानलेल्या वेलाला एकदम पोटभर पाणी मिळालं की फळाचा गर फुगतो, सालीला तेवढं ताणता येत नाही आणि फळ उभं तडकतं. म्हणून पहिले तीन दिवस नेहमीच्या निम्मं पाणी, तेही सकाळ-संध्याकाळ विभागून दिलं. खताची तूट भरायला युरिया २ किलो आणि १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ३ किलो, आठवड्याच्या अंतराने दोन वेळा, फक्त व्हॉल्व्ह १ ला. ज्या फळांना टोकाचा चट्टा पडला होता ती तोडून टाकली. चट्टा भरून येत नाही, आणि ते फळ वेलाचं अन्न मात्र खात राहतं.

मुळी साखर पिते का?

मूळ प्रश्न हाच होता, आणि तो नीट उत्तराचा हक्कदार आहे. हो, मुळीच्या पेशींना साखर आत घेता येते. त्यांच्या पडद्यात ग्लुकोजसारख्या साखरा ओढून घेणारी वाहक प्रथिनं असतात. टिश्यू कल्चर केळीची रोपं बाटलीत वाढतात ती साखरेवरच. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी मांडलेलं जे माध्यम आजही प्रयोगशाळांत चालतं, त्यात लिटरला ३० ग्रॅम सुक्रोज टाकतात. पण ती बाटली निर्जंतुक असते. तिच्यात एक बुरशी शिरली तर दोन दिवसांत साखर तिची होते आणि रोप मरतं.

वावरातली माती ही उघडी बाटली आहे. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू साखरेची वाट बघत असतात. विरघळलेली साखर तिथे काही तासांत संपू लागते, आणि त्या शर्यतीत मुळीला मिळतो तो उष्टा कण. शिवाय वेलात साखरेचा मुख्य प्रवाह वरून खाली असतो. पानात तयार झालेलं अन्न खाली उतरतं आणि मुळी त्यातला काही वाटा स्वतःहून मातीत सोडते, आपल्या कामाच्या जिवाणूंना पोसायला. जी मुळी साखर बाहेर वाटते, तिच्या दारात आपण गूळ नेऊन ठेवतो.

आता गोडीचा हिशेब. एकरी १५ टन टरबूज धरा, ६० टक्के गर आणि गरात ९ टक्के साखर. साखर भरते ८१० किलो, अर्ध्या एकराची ४०५. दिलेल्या ४० किलो गुळातली सगळीच्या सगळी साखर, एक कणही जिवाणूने न खाता, फळात पोचली असती तरी ती ३४ किलो. ते प्रत्यक्षात होत नाहीच, पण झालं असतं तरी टरबुजाची गोडी तिथून येत नाही हे या आकड्यात दिसतं. ती ४०५ किलो साखर पानं उन्हात बनवतात. टरबुजाच्या कुळात ती रॅफिनोज आणि स्टॅकिओज अशा मोठ्या साखरांच्या रूपाने देठाकडे येते आणि फळाशी पोचल्यावर सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोजमध्ये मोडते. म्हणून गोडी हवी तर पानं वाचवायची: लाल कोळी, भुरी, पाण्याची तूट, यांपासून. पालाश वेळेवर द्यायचं. शेवटच्या आठवड्यात पाणी हळूहळू कमी करायचं. आणि पिकलेलंच फळ तोडायचं, कारण टरबूज तोडल्यावर गोड होत नाही. देठाजवळचा तणावा वाळला, जमिनीला टेकलेला डाग पांढऱ्याचा पिवळा झाला आणि टिचकीला भद्द आवाज आला की फळ तयार.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तोडणीला रिफ्रॅक्टोमीटर लावला. तो रसातली गोडी ब्रिक्स या मापात दाखवतो. व्हॉल्व्ह १ च्या ओळींच्या सुरुवातीची, म्हणजे गूळ भरपूर मिळालेली आणि पाणीही पुरेसं मिळालेली फळं १० ते ११ ब्रिक्स. व्हॉल्व्ह २ ची, गुळाचा थेंब न मिळालेली, तीही १० ते ११. ओळींच्या शेवटाकडची फळं निम्म्या वजनाची आणि फिकी.

बाटलीतल्या बाकीच्या वस्तू

त्याच ड्रममधून या हंगामात दुकानातल्या बाटल्यांतलं अमिनो अ‍ॅसिड आणि ह्युमिकही गेलं होतं. अमिनो आम्लांची गोष्ट साखरेहून थोडी वेगळी आहे. मुळ्या ती घेतात, आणि थंड प्रदेशातल्या, नायट्रेट फार कमी असणाऱ्या जमिनीत काही वनस्पतींना त्याचा आधारही असतो. पण आपल्या तापलेल्या काळ्या जमिनीत जिवाणू त्यांचं झपाट्याने अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. २० टक्के अमिनोच्या लिटरभर बाटलीत २०० ग्रॅम अमिनो आम्लं, त्यात नत्र ३०-३५ ग्रॅम. तेवढं नत्र ७० ग्रॅम युरियात असतं. बाटलीवरचा भाव वाचताना हा आकडा मनात असू द्यावा.

ह्युमिकचे रेणू अवजड. ते मुळीत फारसे शिरत नाहीत. त्यांचं काम बाहेर, मातीत लोह-जस्त धरून ठेवण्याचं. पोटॅशियम ह्युमेट आम्लात फुटतं आणि काळा साका बसतो, म्हणून आम्ल प्रक्रियेच्या आसपास ते ठिबकमधून सोडू नये. ताक, तांदळाचं धुवण, अंडी यांतलं प्रथिन आणि पीठ मुळीला आहे तसं घेता येत नाही. जिवाणूंनी कुजवून दिलं तरच ते तिच्या कामी येतं, आणि त्यासाठी उकिरडा ही ठिबकपेक्षा कितीतरी योग्य जागा आहे.

जीवामृताबद्दल, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात मुरवून केलेल्या द्रावणाबद्दल, इथे हटकून विचारलं जातं, कारण ती पद्धत अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी घरोघर पोचवली. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या कृतीत एकराच्या २०० लिटरला गूळ फार तर २ किलो. वरच्या मानाने त्यात अडकणारं नत्र ३६ ग्रॅम, एकरभरात. त्याने काही बिघडत नाही. गूळ तिथे ड्रममधल्या जिवाणूंसाठी आहे, झाडासाठी नाही, आणि दोन दिवस मुरल्यावर त्यातला बराचसा खाल्लेलाही असतो. द्यायचं तर पाटाच्या पाण्यातून किंवा बुडाशी तांब्याने द्यावं. ठिबकमधूनच सोडायचं असेल तर दुहेरी कापडाने गाळावं आणि नंतर किमान २० मिनिटं साधं पाणी चालवावं.

ओसरीवरचे डबे

वावरात निर्दोष ठरलेला नत्राचा मुद्दा घरी मात्र खरा निघाला. ओसरीवर तेलाच्या डब्यांत मिरचीची चार झाडं आणि तुळस. घरच्या बाईने उरलेल्या गुळातला ५०-५० ग्रॅमचा खडा पाण्यात विरघळवून दर आठवड्याला प्रत्येक डब्यात घातला होता. मातीवर पांढरी बुरशी, काठाने लाल मुंग्यांची रांग, पानं खालून वरपर्यंत पिवळी.

इथे आकडे फिरतात. ५० ग्रॅम गुळाला ०.९ ग्रॅम नत्र लागतं. डब्यात माती ५ किलो, आणि साध्या कुंडीच्या मातीत झाडाला लगेच मिळणारं नत्र सगळं मिळून ०.१ ते ०.२ ग्रॅम असतं. एकाच खड्याने ते पुसलं गेलं. वावरात झाडाला चारही वेळा मिळून १७ ग्रॅमच्या आत गूळ मिळाला होता आणि मुळीला पसरायला जागा होती. डब्यात तो तिप्पट एकाच वेळी पडला. शिवाय जिवाणूंनी मातीतला प्राणवायू ओढला आणि डब्याला खाली भोक एकच.

उपाय साधा होता. गूळ बंद. बुरशीचा वरचा बोटभर थर काढून टाकला, डब्याला खिळ्याने आणखी चार भोकं पाडली. दर आठवड्याला लिटरभर पाण्यात १ ग्रॅम युरिया, तीन वेळा, त्याहून जास्त नाही, कारण अडकलेलं नत्र जिवाणू मेल्यावर आपोआप सुटू लागतं आणि दोन्ही मिळून झाड जळू शकतं. मिरचीला नवी पानं हिरवी फुटायला तीन आठवडे लागले. जुनी पिवळी पानं परत हिरवी झाली नाहीत, ती गळून गेली. तुळशीचा डबा भोकं पाडण्याआधीच खालून कुजला होता, ती गेली.